हिलाल मास्तरांनी गोड गोळी सोडली

नांदखेडे गावात शाळा आणि टपालकचेरी एकाच खोलीत होती आणि दोन्ही हिलाल मास्तर सांभाळायचे. सकाळी पाढे, दुपारी पत्रं. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. डॉक्टर होता तो चोपड्याला, आणि भादव्यात वाटेतले दोन नाले माणसाला पलीकडे जाऊ देत नसत. म्हणून १९२१ साली मास्तरांनी कलकत्त्याहून व्ही.पी.नं होमिओपॅथीची पेटी मागवली, तेव्हा गावाला आपल्याकडे दवाखानाच आल्यासारखं वाटलं.

पेटीत अर्काच्या चोवीस बाटल्या, साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्यांचा डबा आणि एक मराठी पुस्तक. गोळ्यांवर अर्काचे थेंब टाकायचे, सुकवायच्या, रोग्याच्या जिभेवर चार ठेवायच्या. मास्तरांनी पुस्तक तोंडपाठ केलं. सर्दी, गळू, पोटदुखी, लहान मुलांचा खोकला, लोक येत आणि चार-आठ दिवसांत बरे होत. मास्तर एक छदामही घेत नसत. "मास्तरच्या हाताला गुण शे," असं आसपासच्या पाड्यांवरही बोललं जाऊ लागलं. मास्तरांनाही ते खरं वाटे. का वाटू नये? बरी झालेली माणसं रोज समोरून जात होती.

टपालकचेरीत सरकारी कोयनेलच्या पुड्याही विकायला असत. हिवतापावरचं ते कडूजहर औषध. ते खाल्लं की कान वाजत, पोट ढवळे. लोक पुडी बघून तोंड फिरवत आणि गोड गोळ्या मागत. हिवतापावर मास्तरांच्या पेटीतही एक बाटली होती, 'चायना' नावाची. ज्या झाडाच्या सालीपासून कोयनेल होतं, त्याच सालीचा अर्क. पण पाण्यात इतक्या वेळा पातळ केलेला की सालीचा अंशही उरू नये. जितकं पातळ तितकं जोरदार, असं पुस्तक सांगे. गणित शिकवणाऱ्या माणसाला ते जरा टोचायचं, पण गुण येतोय म्हटल्यावर मास्तर पुढे विचार करत नसत.

१९२६च्या आश्विनात गाडीवान धनसिंगला थंडीताप झाला. धनसिंग मास्तरांचा जिवलग. मास्तरांनी कोयनेलची पुडी पुढे केली, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, ती नको. तुमनी गोड गोईच बरी."

"बरं, गोळ्यांनीही भागेल," मास्तर म्हणाले.

नवव्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि धनसिंग गेला. त्याची वेळ आली होती, असं गाव म्हणालं. मास्तरांनीही तसंच म्हणून घेतलं.

दुसऱ्या वर्षी मास्तर शिक्षकांच्या वर्गासाठी तीन आठवडे धुळ्याला गेले. घरी पत्नी पुष्पाबाई. लग्नानंतर मास्तरांनीच त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं, आणि त्यांचं डोकं मास्तरांपेक्षा तल्लख होतं. मास्तर परतले तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, एक सांगायचंय. रागावू नका."

"सांग."

"तुम्ही गेलात त्याच दिवशी मांजरानं फळी पाडली. अर्काच्या निम्म्या बाटल्या फुटल्या, त्याही रोज लागणाऱ्या. लोक तर दारात. मी नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या."

मास्तर उठूनच उभे राहिले. "लोकांना फसवलंस?"

"हो, फसवलं. पण अहो, सगळे बरे झाले. तुम्ही देता तेव्हा होतात तसेच, तितक्याच दिवसांत."

मास्तर दोन दिवस पुस्तक पुन्हा पुन्हा चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ते योगायोगानं झालं असेल."

"मग मोजून बघा," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोरांना हिशेब तपासून बघायला तुम्हीच सांगता ना?"

मास्तरांना ते लागलं आणि पटलंही. नव्या बाटल्या मागवल्या. दोघांनी मिळून रीत ठरवली. प्रत्येक औषधाच्या दोन बाटल्या पुष्पाबाईंनी भरायच्या, एकीत अर्काच्या गोळ्या, दुसरीत कोऱ्या. कुठली कुठली ते त्यांनाच ठाऊक. मास्तरांनी कोणतीही एक उचलून द्यायची आणि आठव्या दिवशी रोग्याला विचारून वहीत लिहायचं. तापाच्या रोग्याला यात घ्यायचं नाही, अशी अट पुष्पाबाईंनी घातली. "सर्दी-खोकल्यावर काय तो खेळ करा. तापावर कुणाच्या जिवाशी नको."

आषाढ ते दिवाळी नव्व्याण्णव माणसं झाली. भाऊबीजेच्या दुपारी दोघं वही घेऊन बसली. पुष्पाबाईंनी खुणा सांगितल्या, मास्तरांनी बेरीज केली. अर्काच्या गोळ्या अठ्ठेचाळीस जणांना, त्यातले एकेचाळीस बरे. कोऱ्या गोळ्या एक्कावन्न जणांना, त्यातले चव्वेचाळीस बरे.

मास्तरांनी बेरीज पुन्हा केली. तीच आली.

"म्हणजे लोक आपोआपच बरे होत होते," ते सावकाश म्हणाले. "सर्दी जायचीच असते. गळू फुटायचंच असतं. मी फक्त मध्ये उभा होतो."

तरी चायनाची आशा सुटत नव्हती. त्या वर्षी मार्गशीर्षात मास्तरांनाच हिवताप आला. एक दिवसाआड दुपारी दात वाजू लागायचे. ते म्हणाले, "माझ्यावर करून बघू. माझा जीव माझाच आहे." पुष्पाबाईंनी सहा दिवसांची मुदत दिली, त्यापुढे एक तासही नाही. सहा दिवस मास्तरांनी नेमानं चायना घेतलं आणि तीन वेळा ताप जसाच्या तसा आला. सातव्या दिवशी पुष्पाबाईंनी कोयनेल पाण्यात कालवून पेला तोंडाला लावला. कान वाजले, ओकारी आली. पण तीन दिवसांत ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही.

अंथरुणातून उठल्यावर मास्तर आधी शाळेत गेले नाहीत. काठी टेकत धनसिंगच्या घरी गेले. त्याची बायको ताईबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

"ताईबाई, धनसिंगला कोयनेल दिलं असतं तर तो बहुतेक वाचला असता. गोळ्यांनी भागेल असं मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायला हवं होतं."

ताईबाईचं सूप थांबलं. तिनं ते बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हाई तुम्ही माले कसाले सांगी राहिनात? तो काय परत येवाव शे?"

"नाही. तो परत येणार नाही. पण दुसऱ्या कुणाचा असा जाऊ नये."

"मग माले सांगीसन काय उपयोग? बठ्ठा गावले सांगा."

मास्तरांनी ते शब्दशः पाळलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते चावडीच्या ओट्यावर चढले. आवाज शाळेतला, खणखणीत. "सहा वर्षं मी तुम्हाला गोड गोळ्या दिल्या. त्यांत औषध नाही. मी मोजून पाहिलंय, वही इथे आहे, कुणीही वाचावी. ज्यानं त्यानं आपल्या अंगच्या बळानं बरं व्हायचं, तसे तुम्ही झालात. पण हिवताप तसा जात नाही. त्याला कोयनेलच लागतं, कडू असलं तरी."

लोक आधी हसले, मग चिडले. मास्तरवर कुणी करणी केली, सरकारनं पुड्या खपवायला लावलं, काय काय उठलं. पाटलांनी घरी येऊन समजूत घातली, "मास्तर, लोकांना बरं वाटत होतं ना? मग राहू द्यायचं होतं."

"नाना, बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक धनसिंगला कळला असता, तो जगला असता तर," मास्तर म्हणाले.

वर्षभर त्यांच्या दारात कुणी फिरकलं नाही. पण ताईबाई फिरत होती. कुणाला थंडी वाजली की ती टपालकचेरीतून पुडी न्यायची, रोग्याच्या उशाशी बसायची आणि गुळाच्या खड्याबरोबर गिळवायची. तिच्या शब्दाला वजन होतं, नवरा गमावलेल्या बाईचं. तीन-चार पावसाळे गेले तसे पाड्यांवरचे लोकही आपणहून पुडी मागू लागले. पेटीतल्या बाटल्या मास्तरांनी धुऊन शाळेत ठेवल्या. पोरांनी त्यांत शाई भरली.

खरी कसोटी लढाईत लागली. १९४२ साली जपाननं जावा बेट घेतलं आणि तिथून येणारं कोयनेल बंद झालं. भाद्रपदात टपालात एकही पुडी येईना. हिवताप मात्र वेळेवर आला. लोक मास्तरांच्या दारात आले, त्यात चावडीवर त्यांना हसलेलेही होते. "मास्तर, काहीच नही तर त्या गोड गोया तरी द्या. जीवले आधार व्हई."

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. डब्यात साखरेच्या गोळ्या अजून होत्या. देऊन टाकणं सगळ्यांत सोपं होतं.

"नाही देणार," मास्तर म्हणाले. "गोळी घेऊन तुम्ही निवांत झोपाल आणि डास चावत राहतील. आधार हवा तर उद्या सकाळी फावडं घेऊन नाल्यावर या."

सात माणसं आली. दुसऱ्या दिवशी तीस. पावसानं नाल्याच्या पात्रात सोडलेली डबकी त्यांनी चर खणून एकमेकांना जोडली, पाणी वाहतं केलं. विहिरींभोवतालचा चिखल मुरुमानं भरला. खूप आजारी होते त्यांना, वाटेतल्या नाल्यांचा पूर ओसरला की, मास्तर स्वतः गाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात नेत. तिथे थोडं कोयनेल शिल्लक होतं. त्या वर्षी गावात चार माणसं दगावली. शेजारच्या तीन गावांत मिळून चाळीसच्या वर गेली.

१९४४ साली हिवतापावरच्या नव्या पिवळ्या गोळ्या जिल्ह्यातून आल्या. त्याही कडूच. शिवाय कातडी पिवळी पडायची. मास्तरांनी पहिल्याच दिवशी पाकीट उघडलं, वहीचं नवं पान काढलं आणि वर तारीख घातली. पुष्पाबाईंनी विचारलं, "सरकारी औषध. तेही मोजणार?"

"तेही मोजणार," मास्तर म्हणाले आणि पहिल्या रोग्याचं नाव लिहायला घेतलं.