बेसच्या तारा आणि आबांची तात

जतच्या स्टँडवर एसटीनं दोनदा हॉर्न दिला, तरी आबा, माझे वडील, माझ्या पिशवीत हात घालून उभेच. शाळा आठवीतच सुटली होती, बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं निम्मी राहिली होती, आणि मी सांगलीला निघालो होतो. आबांनी काय कोंबलं ते सांगलीच्या विश्रामबागेत उतरल्यावर कळलं. तेल लावून वेटोळी केलेली तात. मेंढराचं आतडं धुऊन, पीळ देऊन वाळवलं की तात होते. लोकर पिंजायच्या कमानीला आबा तीच ताणून बांधत. स्टँडवर म्हणाले एवढंच, "काय तुटलं, उसवलं तर हुईल उपेगाला."

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला वाटतं मी गोव्यात हॉटेलात बसून मजा करतो. हॉटेलात असतो हे खरं. बसत नाही. बेस गिटार वाजवण्याआधी तासभर माझे हात तिच्या खुंट्यांवरच असतात. तार उतरली का, चढली का, पुन्हा उतरली का. आपल्याला इथे चुकून घेतलंय आणि कुणीतरी आत्ता येऊन सांगेल, जा घरी, असं रोज वाटतं.

सांगलीत मी एका ऑर्केस्ट्राच्या खुर्च्या मांडायचो. त्यांचा बेस वाजवणारा बँकेत लागला आणि त्याची ती भल्या मोठ्या पोटाची गिटार कोपऱ्यात पडून राहिली. विजेशिवाय घुमणारी. पहिल्यांदा जाड तार छेडली आणि दचकलोच. थेट आबांच्या कमानीचा आवाज! मग सोडवेना. एका लग्नात गोव्याच्या फ्रान्सिस मास्तरांनी मला ऐकलं आणि आपल्या बँडमध्ये घेऊन गेले. शिक्षण विचारलं नाही, जात विचारली नाही. त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडू?

आणि त्यांच्याच बँडची मी शोभा केली. ऐन पावसात हॉटेलात बेसची जाड तार तुटली. दुसऱ्या कुणी दुकान शोधलं असतं. मी पिशवीतली तात काढून चढवली. आमच्याकडे काहीही तुटलं की तातच हाताशी येते. दोन दिवस उघडीप होती, तोवर असा गोड, दाट आवाज, की मास्तर मान डोलवत होते. तिसऱ्या दिवशी समुद्राकडून ओला वारा सुटला आणि गाण्याच्या मध्यात तात मऊ पडली. सूर घसरत घसरत खाली. नाचणारी जोडपी थांबली, एक मडम हसली.

मास्तर ओरडले नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाले, "बाब, मिरजेला जा. चांगल्या तारा घेऊन ये. नाही मिळाल्या तर तूही येऊ नकोस."

आबांना सगळं कार्डावर कळवलं आणि आठवड्यानं मी बेस घेऊन गाडीत बसलो. मिरजेला तंबोऱ्याच्या दुकानात पोचलो तर आबा आधीच तिथे, फेटा मांडीवर, चाचांशी, म्हणजे दुकानदाराशी, हुज्जत घालत. हातात नवी तात, पहिलीपेक्षा जाड.

"दुहेरी पीळ दिलाय. आता कुटं मऊ पडती बघू."

चाचा म्हणाले, "आबा, तुमी मेंढरं वळा, तारा मला वळू द्या." मग माझ्यापुढे दोन जुड्या ठेवल्या. "ही पोलादाची. आवाज लय मोठा, पण ताण असा की ह्या पेटीचं पोट वर उचलंल. ही तांब्याचा वेढा दिल्याली. जरा मंद बोलंल, पण जागा सोडणार न्हाई."

"लाव की तिन्ही," आबा म्हणाले. "मग ठरीव."

पोलादाची ताणतानाच लाकूड करकरलं, ती काढली. तांब्याची मंद, समजूतदार बोलली. मग आबांची तात. काय सांगू! दुकानातले टांगलेले तंबोरे तिच्याबरोबर गुणगुणले. मिरजेच्या त्या कोरड्या हवेत तीच सरस होती. आबांनी चाचांकडे असं पाहिलं, जणू कुस्ती मारलीय.

ती घेतली तर मास्तरांचा बँड गेला. नाही घेतली तर आबा चारचौघांत... मी खाली बघूनच बोललो, "आवं आबा, हितं लय ग्वाड लागती. पर तिकडं हवा वली हाय. तांब्याच्याच घेतो."

आबांनी आपली तात उतरवून हातात घेतली, मी तांब्याची पुन्हा चढवली. चाचा उगाच कापड झटकत राहिले.

"तात मऊ पडती म्हंतोस तिकडं," आबा शेवटी म्हणाले. "तू न्हाई न्हवं पडला?"

चाचा खोकत हसले. मला हसूही येईना, रडूही. आबांनी तातेचा तुकडा कापला, बेसचा पट्टा ओढला आणि त्याचं सुटं टोक त्या तुकड्यानं गिटारच्या मानेला बांधून टाकलं. कोकराला दावं बांधतात ती गाठ. मग बेसच्या पोटावर पंजा ठेवून, मेंढरू फुगलंय का बघावं तसं, म्हणाले, "वाजीव." मी तांब्याची तार छेडली. हात तसाच ठेवून ते म्हणाले, "बरं हाय. जा."

तारा त्यानंतर कितीदा बदलल्या. गाठ तीच आहे. इथल्या पावसात ती सैल पडते, बेस खाली घसरतो, आणि मी वाजवता वाजवता पट्टा ओढत राहतो. सुट्टी मिळाली की बेस घेऊनच निघतो. गाडी घाट चढते, बेळगाव मागे पडतं, मिरजेला एसटी धरतो, आणि जत येईस्तोवर कोरड्या हवेत गाठ आपोआप आवळून टणक झालेली असते. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं, जिथे तो पट्टा मला ओढावा लागत नाही. दारात आबा आधी गाठीवर अंगठा दाबून बघतात. मग म्हणतात, "आलास व्हय."