बाबांचा नमुना

आतड्यातले जिवाणू, तिथे सतत राहणारी सूज आणि कर्करोग यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, ते मी प्रयोगशाळेत शोधते. त्यासाठी रुग्णांबरोबर निरोगी माणसांच्याही शौचाचे नमुने लागतात, आणि ते द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. दापोडीच्या घरी मी बाबांना विचारलं, तर ते आईकडे बघून म्हणाले, "पोरीला एवढं शिकवलं ते यासाठी?"

आईने मात्र लगेच डबी मागून घेतली. मग बाबांनाही मागे राहवेना. दुसऱ्या दिवशी पेपरात गुंडाळलेली डबी त्यांनी माझ्याकडे न बघताच हातात दिली.

त्यांच्या नमुन्यात सूज दाखवणारं प्रथिन खूप वाढलेलं निघालं. मी मनातून घाबरले, पण त्यांना समजावून डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात एक गाठ सापडली. तो कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. डॉक्टरांनी ती काढून टाकली. ते ऐकून आई दवाखान्यातच रडली. बाबा म्हणाले, "मला भूक लागलीय."

ते बरे झाल्यावर कंपनीतले त्यांचे जुने मित्र भेटायला आले. पोह्यांच्या बशा हातात असतानाच बाबांनी सगळी हकिगत सांगितली आणि सगळ्यांना नमुने द्यायला फर्मावलं.

"राव, पोहे तरी खाऊ दे!" एक काका ओरडले.

"खा ना भाऊ. खाल्ल्याशिवाय नमुना कुठून देणार?"

काकांना हसताना असा ठसका लागला, की आई पाणी घेऊन धावली.