डायलवरची लाल रेघ

हे मी कोणालेच सांगतलं नाही — बायकोले नाही, पोराले नाही. आज मात्र सांगतोच. मध्येच जीभ अडखळली तर अडखळू दे. अर्ध्यावर उठणार नाही मी.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होऊन राहिला होता. मी एका ठेकेदाराच्या कम्प्रेसरवर होतो — हवा दाबून टाकीत भरायची मशीन ती. हाताखालचे लोक नांगर सोडून आलेले. त्यातला लिंबाजी भंडाऱ्याकडचा, वयानं माह्यापेक्षा मोठा, तरी मले ‘मास्तर’ म्हणे. कावून? साहेबानं मले काम दिलं होतं — सुटी झाल्यावर तासभर या लोकांले आकडे शिकव, हवेचा दाब दाखवणारी डायल वाचता आली पाहिजे.

पण माह्या डोक्यात काय होतं? नाटक! शेजारच्या दुर्ग शहरात गणपतीच्या नाटकाची तालीम चालू होती अन् मले राजाचा पार्ट. हसू नको बाप्पा. पाटी घेऊन रोज कोण बसते? मी शक्कल लढवली — प्रत्येक डायलवर लाल रंगाची रेघ ओढली. काटा रेघेवर आला की मशीन बंद करायची. झालं शिक्षण!

लिंबाजी मागं लागे — मास्तर, हा आकडा कोणता, सांगा ना. मी म्हणायचो, “लिंबाजीभाऊ, तुमाले आकड्याशी काय करायचं? रंग पाहा, रंग.” अन् साहेबाले खुशाल सांगतलं, सगळ्यांले वाचता येते.

मग एक डायल फुटली. स्टोरमधून नवी आणून बसवली. संध्याकाळची पाळी लिंबाजीची. रंग लावायचा राहून गेला — छे, राहून कशाचा गेला? तालमीले उशीर होत होता म्हणून मी निघून गेलो. पाह्य, अजूनही जीभ पळवाट शोधते. लिंबाजी काट्याकडे पाहत उभा राहिला, रेघ कुठं दिसते म्हणून. काटा फिरतच गेला. नळी फाटली अन् त्याचा डोळा गेला.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. पण दुसऱ्या दिवशी, साहेब यायच्या आधी, मी घासलेटचा बोळा घेऊन बाकीच्या डायलींवरचा रंग पुसून काढला. एक ठिपकाही ठेवला नाही. साहेबानं विचारलं, याले वाचता येत होतं का? मी म्हटलं, हो, मीच शिकवलं.

पुढं लिंबाजीलेही विचारलं. डोळ्यावर पट्टी होती त्याच्या. त्यानं एकदा माह्याकडे पाहिलं — माही नोकरी जाऊ नये, दुसरं काय? — अन् साहेबाले हिंदीत म्हणाला, “आता है साहब. मास्टर ने सिखाया है.”

बेफिकीर म्हणून त्याले काढून टाकलं. मी तालमीले गेलो. त्या गणपतीत राजा झालो, टाळ्याही घेतल्या. थू माह्या जिंदगीवर!

नंतर मी खरंच पाटी घेऊन बसलो, कितीक लोकांले शिकवलं. त्यानं लिंबाजीचं काही भरून आलं नाही. मले माफी नको, कोणाची समजूतही नको.

जुने लोक अजून म्हणतात, लिंबाजी बेफिकीर होता. लिंबाजी बेफिकीर नव्हता. त्याले आकडे येत नव्हते. त्याले शिकायचे होते. मी शिकवले नाही.