दोन एकटे इलेक्ट्रॉन

चामखीळ काढायला डॉक्टरांनी द्रवरूप नायट्रोजनचं झाकण उघडलं. पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळली आणि मला विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस शिंदेकाका आठवले. एकाच रेणूतल्या दोन एकट्या, म्हणजे जोडी नसलेल्या, इलेक्ट्रॉनांमधली अगदी क्षीण चुंबकी ओढ मी तेव्हा मोजत होते. नमुना गार राहावा म्हणून काका पुन्हापुन्हा नायट्रोजन ओतायचे. कित्येक आठवडे पडद्यावर नुसती खरखर दिसली. मग एका दुपारी तिच्यातून त्या ओढीची बारीकशी लाट वर आली. माझे मार्गदर्शक सर गावाला गेले होते, म्हणून मी ती काकांनाच दाखवली.

"म्हणजे दोघांना एकमेकांचं असणं जाणवतं?" त्यांनी विचारलं.

"जाणवतं, काका. पण फार थोडं."

"थोडं का होईना," म्हणत ते स्टुलावर बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. काकूंना जाऊन महिनाही झाला नव्हता.