मैनेपेक्षा भारी कूलर

माझ्या नणंदेचा आवाज हजारो माणसांनी ऐकलेला आहे, पण आमच्या समोरच्या दुकानदाराला विचाराल तर तो सांगेल, बाई फारशा बोलत नाहीत. वन्सं पुस्तकं वाचतात. आमच्या मागच्या खोलीत कपड्यांचं एक मोठं कपाट आहे. त्यातले कपडे कधीच हद्दपार झाले. आता आत एक स्टूल, एक माइक आणि चारी बाजूंनी टांगलेल्या रजया. दार ओढून घेतलं की वन्सं आत आणि आम्ही सगळे बाहेर, चोरपावलांनी वावरणारे. त्यांनी वाचलेली पुस्तकं लोक मोबाइलवर ऐकतात, भांडी घासताना, गाडी चालवताना, झोप येत नसताना.

आधी त्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा द्यायच्या. तिथे यंत्राचा आवाज आला आणि वन्सं घरी आल्या. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या, त्यामुळे घर म्हणजे धाकट्या भावाचं, म्हणजे आमचं. काही दिवस नुसत्या घुम्यासारख्या बसून असायच्या. मग एका कंपनीला आपला आवाज पाठवला, आणि तेव्हापासून ते कपाट हेच त्यांचं ऑफिस.

मैना त्यांची विद्यार्थिनी. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या मैत्रिणीची मुलगी. मैना हे नावही वन्संनीच ठेवलेलं. श्वास कुठे घ्यायचा, पान आवाज न करता कसं उलटायचं, रडका प्रसंग स्वतः न रडता कसा काढायचा, सगळं ती आमच्या घरी बसून शिकली. स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानात जाऊन म्हणाली, बाईंचा आहे तस्साच द्या. कॅबिनेट तेच, स्क्रीन तोच, टेबलसुद्धा तसलंच हुडकून आणलं. वन्संना तेव्हा त्याचं कोण कौतुक.

त्या कौतुकाला तडा गेला तो या वर्षी. कंपनीने नऊ भागांची एक कादंबरी घेतली होती, एका घराण्याच्या चार पिढ्यांची. नऊही भाग एकाच आवाजात हवे होते, आणि नमुना वन्सं आणि मैना अशा दोघींकडून मागवला होता. सुटी सुटी पुस्तकं वाचून वन्सं कंटाळल्या होत्या. असं घसघशीत काम एकदा तरी आपल्या वाट्याला यावं, ही त्यांची जुनी इच्छा. नमुना पाठवला त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि न सांगता कणीक मळायला बसल्या. वन्सं खूश असल्या की असं करतात.

नमुना परत आला. आवाज उत्तम, पण मध्ये थांबता तिथे मागे यंत्राची घरघर ऐकू येते, शनिवारपर्यंत पुन्हा पाठवा. मैनेचा परत आला नव्हता.

घरघर होती, यात खोटं काही नाही. कॉम्प्युटर कपाटाच्या दाराला लागूनच, आणि आवाज साफ करायचं त्यातलं सॉफ्टवेअर असं जड की आतला प्रोसेसर सदा तापलेला. त्याच्यावर बसवलेला मूळचा वीतभर पंखा जीव तोडून फिरायचा. वन्संनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता: कॉम्प्युटरवर रजई. रजईने तो आणखी तापायचा, तापला की पंखा आणखी किंचाळायचा, आणि मग वन्सं दुसरी रजई आणायच्या. मी एकदा म्हटलं, अहो, गुदमरेल तो. तर म्हणाल्या, गुदमरू दे, पण गप्प राहू दे.

त्यांनी मैनेला फोन लावला आणि तुझ्याकडे घरघर येत नाही का ग, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. मैनेच्या पोटात काही राहत नाही. तिने सरळ सांगून टाकलं की गेल्याच महिन्यात तो पंखा काढून मोठा एअर कूलर बसवला, आता चालू आहे की बंद तेही कळत नाही. वर लगेच फोटो पाठवला. खाली "तुम्ही पण घ्याच, बाई" आणि लाल बदामांची रांग.

"हे बदाम कशाला?" वन्सं म्हणाल्या. "गेल्या महिन्यात सांगायचं होतं."

आमच्या ह्यांना वाटलं, ताईला खोलीत ठेवायचा कूलर हवाय. मग मी फोटो दाखवला. पातळ पत्र्यांची उभी चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि कडेला हातभर वाटावा असा पंखा. नळ्या प्रोसेसरची उष्णता वर ओढतात, पत्रे ती पसरवतात, आणि पंखा मोठा असल्यामुळे सावकाश फिरला तरी भागतं. मला आपलं ते पटलं. पण वन्सं फोटोत कूलर बघतच नव्हत्या. त्या मैनेची खोली बघत होत्या. "पडदे बदललेत वाटतं," असं म्हणून त्यांनी फोन पालथा ठेवला.

त्या दिवसापासून घरात एकच धोशा. मैनेचा 'ळ' अजून जिभेला लागत नाही. मैना म्हातारीचा आवाज काढते तो सर्दी झाल्यासारखा. तिच्या नमुन्यात आहे काय, तर पंखा आहे. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायच्या, "उद्या माझ्याकडे तो पंखा असता, तर बघितलं असतं." हे खाली मान घालून आमटी ओरपायचे.

बरं, घ्यायचा तर मैनेचा आहे तोच घेऊन मोकळं व्हावं. तर नाही. तो सोडून दुसरा कुठलाही. दुपारभर माझ्याशेजारी बसून मोबाइलवर एकेक कूलर असा पारखायच्या, जसा समोरचीच्या गळ्यातला हार डोळ्यांनी तोलावा. मैनेच्याला नळ्या किती? मग ह्याला एक जास्त आहे. तिच्याला पत्र्यांचा एक मनोरा, ह्याला दोन. तिचा चंदेरी, हा काळाकुट्ट, दोन पंख्यांचा, एखाद्या इमारतीसारखा. पाण्यावर चालणारेही असतात असं कळलं, पण त्यांचा पंप बारीक गुणगुणतो म्हणे, शिवाय विजेच्या डब्यात पाणी सोडायला वन्संचं मन होईना. शेवटी मन बसलं ते त्या काळ्या जोडमनोऱ्यावर.

आम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार शांत माणूस. कूलरचं नाव ऐकून त्याने मान हलवली आणि विचारलं, कॅबिनेटमध्ये आत उंची किती आहे? नळ्या मोजल्या होत्या, पंखे मोजले होते, घरचं कॅबिनेट कुणीच मोजलं नव्हतं.

घरी येऊन मी शिवणाची टेप काढली. कॅबिनेटची कडेची झाकणी उघडली आणि प्रोसेसरपासून झाकणीपर्यंत अंतर घेतलं. वन्सं टॉर्च धरून उभ्या. जोडमनोरा बोटभर जास्त उंच निघाला. मी पुन्हा मोजलं. टेप ओढली, सैल सोडली, तिरकी धरली. बोट काही कमी होईना.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मोठं कॅबिनेट घेऊ शकता, पण सगळं उचकटून पुन्हा बसवायला पुढचा आठवडा उजाडेल. आणि शनिवार तर तीन दिवसांवर. ह्याच कॅबिनेटमध्ये मावेल असं काही चांगलं आहे का, असं मी विचारलं. त्याने सांगितलं, एकच मॉडेल आहे सध्या, मागच्या महिन्यात अशाच कॅबिनेटला एका मुलीने नेलं, ती खूश आहे.

फोन स्पीकरवर होता.

वन्सं पलंगावर बसल्या. मी टेपची गुंडाळी करत राहिले. म्हणाल्या, "तिने माझं बघून घेतलं होतं सगळं. टेबलसुद्धा."

मी म्हटलं, "हो ना, म्हणून तर तोच बसतोय."

"आता मी तिचं बघून घ्यायचं?"

मी चहा टाकला. कप रिकामा होईपर्यंत त्यांचं ठरलं होतं, पण मैनेला कळता कामा नये, अशी मला तंबी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः आला. जुना पंखा काढला, प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी, खालची वाळलेली पेस्ट पुसली, नवी डाळीच्या दाण्याएवढी लावली आणि तो चंदेरी मनोरा चार स्क्रूंवर बसवला. जाताना रजयांकडे बोट दाखवून म्हणाला, ह्या आता थंडीतच. वन्संनी कॉम्प्युटर सुरू केला आणि कान लावून उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, चालू झाला का ग? स्क्रीनवर चित्र आलं तेव्हा विश्वास बसला. वन्सं हसल्या, कित्येक दिवसांनी. कपाटात शिरताना मला म्हणाल्या, "आता बघू दे मैनेला."

तासाभराने त्यांनी मला हाक मारली आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. वन्संचा आवाज, तोच भरदार, पोटातून येणारा. वाक्य संपलं, थांबा आला. मागे घरघर नव्हती. काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसण्यातून एक बारीक शीळ आली, श्वास आत घेतानाची, जुन्या दाराच्या फटीतून वारा यावा तशी. पुढच्या वाक्यानंतर पुन्हा. लांब वाक्याच्या शेवटी तर आवाजात किंचित खरखर होती. इतके दिवस पंख्याने ते सगळं झाकून ठेवलं होतं.

"येतं ऐकू?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"तुला खोटं वाचता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि हेडफोन काढून घेतला.

शुक्रवार सगळा त्यात गेला. त्याच पानाचे टेकवर टेक, पण एकही स्वच्छ नाही. कोमट पाणी पिऊन वाचलं, उभं राहून वाचलं, वाक्यं तोडून वाचलं. सॉफ्टवेअरने श्वास काढूनही पाहिले, पण मग ऐकताना वाटायचं, कुणी माणूस वाचतच नाहीये. ते त्यांनी ताबडतोब पुसलं. बसस्थानकातल्या यंत्रासारखं वाटतं, म्हणाल्या. शनिवारी सकाळी शिळेसकट नमुना पाठवून दिला. त्या दिवसापासून मैनेच्या 'ळ'बद्दल मात्र एक शब्द नाही. मला ते जास्त जड गेलं. वन्सं टोमणे मारत होत्या तोवर निदान भांडत तरी होत्या.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. नऊही भाग मैनेला. कारण दिलं नव्हतं. घरघरीचा उल्लेखही नव्हता.

थोड्या वेळाने मैनेचा फोन आला. वन्संनी दोनदा वाजू दिला. चेहरा असा आवळलेला की मला वाटलं, उचलणार नाहीत. मग पाठ सरळ केली, एक श्वास घेतला आणि फोन कानाला लावला. पलीकडून मैना रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. तिला म्हणे अपराध्यासारखं वाटत होतं.

"वेडी आहेस का?" वन्सं म्हणाल्या. "अगं, मला इतका आनंद झालाय म्हणून सांगू. माझ्या हातून शिकलेली पोर नऊ भाग वाचणार. चौथ्या भागातली आजी सावकाश घे बरं का, घाई करू नकोस तिथे."

काय तो आवाज! ऊबदार, मोकळा, कुठे शीळ नाही, कुठे खरखर नाही. माझेच डोळे भरून आले. वाटलं, निवळल्या बाई एकदाच्या.

वन्संनी फोन ठेवला. चेहरा होता तसाच आवळलेला.

"एका टेकमध्ये दिलं," त्या म्हणाल्या, आणि कपाटात जाऊन दार ओढून घेतलं.