मुळं आमची, गुडघे तिचे

वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, आई लोकांकडे धुणीभांडी. एका खोलीत आम्ही पाच जण. मी अभ्यासाला बसले की बाकीचे पाय आखडून झोपायचे. घराण्यातली पहिली पदवी माझी. घोकून मिळवली, पण मिळवली.

त्या पदवीच्या जोरावर नोकरी लागली, ऑस्ट्रेलियातल्या टार्निटला आले. शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये कुंग फू शिकायला लागले. शिकवणाऱ्या साठीतल्या चिनी बाई; त्यांना सगळे शिफू, म्हणजे गुरू म्हणतात. इथंही मी पुस्तकं आणून घोकलंच. कुंग फू, ताई ची, वरून वेगळं दिसलं तरी आतलं एकच: श्वास, तोल, आणि समोरच्याचा जोर मऊपणानं जिरवणं. सगळं तोंडपाठ. फक्त घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं तेवढं जमेना.

माझ्यामागून आलेल्या एका मलेशियन चिनी मुलीला ते पहिल्या दिवसापासून जमलं. तिनं त्यातली एक ओळही वाचलेली नव्हती. तरी शिफूंनी शिष्या म्हणून तिलाच आधी घेतलं. रीत अशी, की गुडघे टेकून गुरूला चहा द्यायचा. त्यांनी घोट घेतला की तुम्ही त्यांच्या परंपरेतले. मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

पुढच्या शनिवारी मी हुकमाचं पान टाकलं. मी बौद्ध घरातली. म्हटलं, "ही विद्या आमच्याकडची. भारतातून गेलेल्या भिक्खूनं चीनच्या मठात नेली."

"मग तुझे गुडघे का थरथरतात, मेट?" ती मलेशियन मुलगी म्हणाली. सगळा हॉल हसला.

"ती दंतकथा आहे," शिफू शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या आधीही तिथं माणसं लढतच होती."

मग मनगटाला मनगट लावून एकमेकींचा तोल घालवायचा सराव होता. माझ्या जोडीला तीच. मी सगळा राग लावून रेटलं. ती नुसती बाजूला वळली आणि मी थेट रचलेल्या खुर्च्यांवर.

"तुला फक्त जिंकायचंय," शिफू म्हणाल्या. "ती काय करतेय ते हाताला कळू दे."

तिचं ते वळणं, तो तोल, मला सगळं हवंच होतं. म्हणून दर शनिवारी जोडीला तिलाच मागायला लागले.

"परत मीच?"

"हो, तूच."

वळायच्या आधी ती श्वास सोडते, भार मागच्या पायावर घेते. हे मला पुस्तकातून नाही, तिच्या मनगटातून कळलं. थंडी सरता सरता एकदा मी रेटलंच नाही, वळले. ती अडखळली.

"ए, हे माझं आहे!"

"तुझंच. चोरलंय."

शिफू पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. "लढण्याचे सगळे प्रकार असेच झालेत. एकमेकांचं उचलून."

ती अजूनही माझ्याहून सरस आहे, आणि ते मला अजूनही खुपतं. पण गेल्या महिन्यात शिफूंनी माझ्या हातचा चहा घेतला. मी त्यांची शिष्या आहे.