निखिलचा ईसीजी नॉर्मल होता

माझ्या भावाचा ईसीजी शेवटपर्यंत नॉर्मल होता.

आज निखिलला जाऊन वर्ष झालं. "ॲटॅक आला असेल", "काहीतरी नशा करत असेल", सगळं ऐकून झालंय माझं. आता माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी रंगपंचमीला त्यानं रहाडीत, म्हणजे रंगाच्या मोठ्या हौदात, उडी मारली आणि वर आलाच नाही. मित्रांनी ओढून काढला. शुद्धीवर आला तेव्हा जो तो त्याचं तोंड हुंगत होता.
अहो, तो सोडासुद्धा प्यायचा नाही, गॅस होतात म्हणून.

झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल. घरी पाठवलं.

मग कंपनीत जिना चढताना परत पडला. तेव्हा एका डॉक्टर मॅडमनी त्याला ट्रेडमिलवर पळवलं, आणि तेव्हा कुठे कळलं.

मॅडमनी कागदावर दोन दारं काढली. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं कोठार असतं म्हणे. बाहेरच्या दारातून थोडं कॅल्शियम आत येतं, त्या इशाऱ्यावर कोठाराचं दार उघडतं, आणि हृदय आवळतं. मग कोठाराचं दार बंद व्हायला हवं, पुढच्या ठोक्यापर्यंत.

निखिलचं ते दार जन्मापासून सैल. शांत बसला तर काही नाही. पळाला, घाबरला, चिडला, की दार गळायचं आणि ठोके वेडेवाकडे व्हायचे.

"म्हणजे नळ गळतोय. वॉशर बदला ना मॅडम," निखिल म्हणाला.

आईनं एकच शब्द धरला, कॅल्शियम. दुसऱ्या दिवसापासून नाचणीचे लाडू सुरू. तिला कितीदा सांगितलं, आई, कमी नाहीये गं, भलत्या वेळी सुटतंय. "असू दे, खाल्लं तर काय बिघडतं," म्हणायची.

औषध म्हणजे एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. ठोके आवरून धरणारी. चुकवायची नाही, आणि त्याला चिडवायचं नाही, मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं.

मला.

त्या दिवशी त्याच्या डब्याच्या पिशवीत गोळ्यांची अख्खी स्ट्रिप सापडली. एकही फोडलेली नाही. आई दळण आणायला गेली होती. माझं डोकं सटकलं. माझा आवाज तुम्हाला माहितीये.

"ताई, गोळी घेतली की अंगात जीवच राहत नाही गं. मशीनवर उभं राहवत नाही," तो म्हणाला.

मी म्हणाले, "मग मर. मला काय."

तो तावातावानं उठला, "ऐक ना" म्हणाला, आणि पडला.

मला वाटलं नाटक करतोय. मी तशीच उभी राहिले, कमरेवर हात ठेवून.

वर्षभर सगळ्यांना सांगितलं, जेवता जेवता गेला. खोटं आहे ते. काल आईला खरं सांगितलं. तिनं उठून कुकर लावला.

हे आज लिहितेय, कारण मागच्या महिन्यात दिंडोरीच्या काकांची स्नेहल कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये पळताना पडली. आमचे पप्पा, म्हणजे काकांचे सख्खे भाऊ, चाळिशीच्या आत असेच अचानक पडून गेले होते. हे रक्तातून येतं. माझी टेस्ट क्लीन आली. आनंद झाला, आणि झाला म्हणून लाज वाटली.

काका म्हणतात, "ईसीजी नॉर्मल हाय. पोरीचं लग्न जमवायचंय, असलं कायतरी कागदावर नको."

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार, माहितीये मला. स्नेहलला न्यायला निघालेय. मॅडमची वेळ घेतलीये. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मी उलटून बोलणार नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

निखिल, श्रद्धांजली वगैरे तुझे मित्र वाहतील.

मी ते मनापासून म्हटलं नव्हतं रे.